एका रोबोची दोन तोंडं

प्रश्न : भाच्याशी पैज लागलीय. ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या रोबो-खेळण्यांमधला काउंटरपंच पक्का डिसेप्टिकॉन, म्हणजे दुष्टांच्या टोळीतला ना?

उत्तर : मामा, हरलात! हॅस्ब्रो कंपनीचं हे खेळणं १९८७ चं. तो मुळात ऑटोबॉट, म्हणजे चांगल्यांच्या बाजूचा, नाव पंच. काउंटरपंच हे शत्रूच्या गोटात शिरायचं सोंग. गद्दार म्हणायचाच, तर डिसेप्टिकॉनांनी म्हणावा. हातात घेतलंत की कळेल : पाँटियाक फिएरो गाडी एका तऱ्हेने उलगडली की पंच, दुसऱ्या तऱ्हेने काउंटरपंच. एकाची पाठ तीच दुसऱ्याची छाती! मला यातली खरी गंमत तिथेच वाटते. दोन रोबो कधी एकत्र दिसायचेच नाहीत, आणि तरी डिसेप्टिकॉनांना शंका येत नाही म्हणजे कमाल! भाच्याला काय कबूल केलं होतंत?