वाचकांचे प्रश्न : लहान शेतावरची स्पेशालिटी कॉफी

प्रश्न : एखाद्या कुटुंबाच्या लहान शेतावरची म्हणून विकली जाणारी स्पेशालिटी कॉफी नेहमीच्या कॉफीपेक्षा बरीच महाग असते. हा फरक खरोखर चवीचा असतो, की केवळ पाकिटावरच्या मजकुराचा? खरी कॉफी कशी ओळखावी?

उत्तर : फरक चवीचा असतो, मात्र शेत लहान आहे एवढ्यावरून चवीची हमी मिळत नाही. प्रशिक्षित परीक्षकांनी चव घेऊन 100 पैकी 80 किंवा त्याहून अधिक गुण दिले, तरच त्या कॉफीला स्पेशालिटी म्हणण्याची प्रथा आहे. ते गुण मिळवण्यासाठी जी मेहनत लागते, ती लहान शेतावरचे कुटुंब अधिक बारकाईने करू शकते, हे लहान शेताचे खरे बळ आहे.

कॉफीच्या एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर आणि लालभडक फळे एकाच वेळी असतात. फांदी ओरबाडून सगळी फळे एकदम उतरवली तर काम झटपट होते, पण कच्च्या फळांतील बिया भाजल्यावरही फिकट राहतात आणि पेयात तुरट, वाळक्या गवतासारखी चव उतरवतात. केवळ पिकलेली फळे वेचायची असतील, तर त्याच झाडाकडे हंगामात पुन्हा पुन्हा यावे लागते. पिकलेले फळ बोटांनी दाबताच बुळबुळीत गराने माखलेल्या दोन बिया बाहेर निसटतात. धुऊन तयार करण्याच्या पद्धतीत साल काढल्यावर हा गर आंबवून सुटा केला जातो. बी बोटांना खरखरीत लागू लागली की ती धुवायची वेळ झाली, हे अनुभवी हाताला कळते. आंबवण लांबले तर उग्र आंबट वास येतो आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते.

वाळवणाकडे ग्राहकांचे फारसे लक्ष जात नाही, पण माझ्या मते चांगल्या शेतकऱ्याची खरी कसोटी तिथेच लागते. बियांतील ओलावा साधारण 10 ते 12 टक्क्यांवर आणायचा असतो. त्यासाठी त्या पातळ थरात पसरून दिवसातून अनेकदा परतायच्या, कडक उन्हात आणि पावसात झाकायच्या, हे काम कित्येक दिवस चालते. घाईने वाळवलेल्या कॉफीची चव लवकर उतरते आणि ओलसर राहिलेलीला बुरशी लागते.

किमतीचे गणितही समजून घ्यावे. साधारण 6 किलो फळांपासून 1 किलो न भाजलेली कॉफी मिळते आणि भाजताना त्यातलेही 15 ते 20 टक्के वजन घटते. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात ठरणाऱ्या अरेबिका या कॉफीच्या जातीच्या भावात वर सांगितलेल्या वेचणीचा आणि वाळवणाचा हिशेब नसतो; म्हणून असे शेतकरी आपला निवडक माल वेगळा ठेवून गुणांनुसार दर मागतात, आणि तो त्यांना मिळायलाच हवा. शेतकऱ्याला किती दर दिला हे जो विक्रेता स्वतःहून जाहीर करतो, त्याच्यावर मी अधिक विश्वास ठेवेन.

पाकिटावर शेताचे किंवा कुटुंबाचे नाव, प्रदेश, झाडाचे वाण, प्रक्रिया, तोडणीचा हंगाम आणि भाजल्याची तारीख हा तपशील पाहावा. ‘100 टक्के अरेबिका’ या शब्दांवरून फक्त जात कळते, दर्जा कळत नाही. मात्र शेतकऱ्याचे नाव नाही म्हणून प्रत्येक कॉफी नाकारू नये. इथिओपिया आणि केनियामध्ये असंख्य कुटुंबे आपली थोडी थोडी फळे सामाईक धुलाई केंद्रावर आणतात, त्यामुळे तिथली उत्कृष्ट कॉफीही अनेकदा त्या केंद्राच्या नावानेच ओळखली जाते.

प्रश्न : अशी कॉफी दूध-साखरेशिवायच प्यावी का?

उत्तर : असा काही नियम नाही. पहिले काही घोट मात्र तशीच घ्यावी आणि थोडी निवू द्यावी, कारण फार गरम असताना फळांसारखा आंबटपणा आणि गोडवा नीट जाणवत नाही. हलकी भाजलेली कॉफी दुधात हरवते. दूध घालायचेच असेल तर मध्यम भाजलेली घ्यावी. दाणे अख्खे आणि हवाबंद ठेवावेत, आणि लागतील तेवढेच त्या त्या वेळी दळावेत.