पाळी गेल्यावर खोबरं सोडल्याने स्तनाचा कर्करोग टळतो का?

रत्नागिरीला राहणाऱ्या आपल्या आईने पाळी गेल्यावर ओलं खोबरं वर्ज्य करावं का, असे आपण विचारले आहे. एकट्या खोबऱ्याला दोष देता येणार नाही. या वयात इस्ट्रोजेन हे स्तनाच्या कर्करोगाला चालना देऊ शकणारे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) अंडाशयात नव्हे, तर मुख्यतः शरीरातील चरबीत तयार होते, त्यामुळे वाढलेले वजन हाच खरा धोका ठरतो. मद्यानेही तो वाढतो. अमेरिकेत रजोनिवृत्ती झालेल्या ४८,८३५ स्त्रियांवरील चाचणीत, कमी स्निग्ध आहार घेणाऱ्या गटात सुमारे आठ वर्षांत हा कर्करोग ९ टक्के कमी आढळला, परंतु २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तो फरक योगायोगाचाही असू शकतो. म्हणून बांगड्याचे तिखले आईने खुशाल खावे, वाटपातले खोबरे मात्र बेताने घ्यावे आणि रात्रीचा दुसरा भात कमी करावा. स्तनात गाठ लागली, तर पथ्यावर विसंबून न राहता लगेच डॉक्टरांना दाखवावे.