करंगळी दुखते म्हणून कीबोर्ड बदलण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक, दिवसाचे सहा-सात तास दाखले, नोंदी नि ऑनलाइन फॉर्म, सगळं इनस्क्रिप्ट मराठीत, म्हणजे कळांच्या सरकारी मांडणीत. तीन महिन्यांपासून उजवं मनगट बाहेरच्या अंगानं ठणकतं, संध्याकाळी करंगळी बधिर होते. हाताशी तीन हजार रुपये आहेत, तर मधून दुभंगलेला कीबोर्ड घ्यावा की उभा माऊस, असं विचारलंय.

मी दारव्हा तालुक्यात अकरा वर्षांपासून सेवा केंद्र चालवतो. पीक विम्याच्या शेवटच्या तारखांना रात्री दोन-दोनपर्यंत बसलेला माणूस आहे. हाताचं दुखणं भोगून झालंय आणि त्यापायी पैसेही पाण्यात घालून झालेत. म्हणून सरळ सांगतो, हे तीन हजार आठ दिवस डब्यातच राहू द्या.

आधी कोणतं बोट बधिर होतं ते नीट बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्यात मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल, तर मनगटातून जाणारी मधली नस दबतेय असा संशय घ्यायचा. तुमची मात्र करंगळी बधिर होते. तिची नस वेगळी. ती कोपराच्या आतल्या हाडामागून जाते. तिथं ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिणतं ना, तीच. म्हणजे मनगट ठणकणं आणि करंगळी बधिर होणं या तुमच्या हातातल्या दोन निराळ्या भानगडी असू शकतात, आणि करंगळीची भानगड बहुधा ना माऊसनं जाईल ना कीबोर्डनं. उद्या काम करताना लक्ष ठेवा, उजवं कोपर टेबलाच्या धारेवर टेकलेलं असतं का? की प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या हातावर? मी माझ्या कोपराला बघितलं तर तिथं बोटभर लांब, काळपट घट्टा पडलेला. सनमायका उखडलेल्या टेबलाची धार, रोज तिथंच. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा त्या धारेवर चिकटवला, फोन कानाला लावून कोपर दुमडून बसणं बंद केलं, आणि पंधरा दिवसांत करंगळी जाग्यावर आली. खर्च शून्य.

एक मात्र ऐका. हातातून गिलास सुटायला लागला, अंगठ्याच्या मुळाशी मांस बसल्यासारखं दिसलं किंवा बधिरपणा सुट्टीच्या दिवशीही जात नसेल, तर इथं विचारत बसू नका. यवतमाळला किंवा नागपूरला जाऊन हाडाच्या नाहीतर मेंदू-नसांच्या डॉक्टरांना दाखवा, ते नसेची तपासणी करून सांगतात. साखर, थायरॉइड, गरोदरपण यांतही मनगटातली नस दबते, तेव्हा हे असेल तर तसं त्यांना आधी सांगा.

आता मनगट. साधा पूर्ण कीबोर्ड साधारण ४५ सेंटीमीटर रुंद असतो आणि अक्षरं त्याच्या डाव्या भागात कोंबलेली. उजवीकडे बाणांच्या कळा, मग नंबरपॅड, आणि त्याच्याही पलीकडे माऊस. म्हणजे दर फॉर्मला उजवा हात शेजारच्या घरी जाऊन येतो. दिवसभर असं झालं की खांदा भरतो, आणि परत अक्षरांवर येताना मनगट करंगळीच्या बाजूला मोडतं. तुमची बाहेरच्या अंगाची ठणक मला तरी या मोडण्याचीच वाटते. नंबरपॅड नसलेला कीबोर्ड ३६ सेंटीमीटरच्या आसपास असतो, माऊस तेवढाच जवळ येतो. पण तुम्हाला तर बारा आकडी आधार आणि खाते नंबर दिवसभर मारायचे. मग नंबरपॅड सुटा, यूएसबीचा घ्या आणि कीबोर्डच्या डाव्या हाताला ठेवा. पहिले चार दिवस डावा हात वेड्यासारखं करतो. मग असा बसतो की उजव्यानं कागद उलटायचा नि डाव्यानं आकडे ठोकायचे.

त्याहून मोठी गोष्ट उंचीची, पण ती विकत मिळत नाही म्हणून कोणी सांगत नाही. आपल्याकडची सरकारी टेबलं तीस इंचांच्या घरात असतात, ती लिहिण्यासाठी केलेली. सव्वापाच फुटी बाईचं कोपर बसल्यावर त्यापेक्षा बरंच खाली राहतं. मग खांदे वर चढतात, मनगट खालून वर मुडपतं, टेबलाची धार मनगटात रुतते. टेबल कापता येत नाही, तर आपण वर जायचं. खुर्चीवर घट्ट घडी केलेली गोधडी, पाय लोंबकळतील म्हणून पायाखाली जेवणाचा पाट. आमच्याकडं एका पोट्ट्यानं दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घातल्या, तेही चालतं. कीबोर्डच्या मागचे पाय उभे केले असतील तर आजच पाडा. ते उंचावले की मनगट आणखी मागं वाकतं. मनगटाखालची फोमची गादी घेऊ नका म्हणतो मी. टाइप करताना मनगट टेकवायचंच नसतं, आणि आपल्या पंचेचाळीस डिग्रीच्या मे महिन्यात ती घामानं भिजून जो वास मारते, राजेहो, तो सांगण्यासारखा नाही.

एवढं आठ दिवस करून बघा. मग खरेदी.

उभ्या माऊसची गोष्ट अशी की साध्या माऊसवर तळहात जमिनीकडे तोंड करून असतो, म्हणजे कोपरापासून पुढचा हात पिळलेला. उभ्यात आपण वखराचं रुमणं धरावं तसा हात राहतो, अंगठा वर. लॉजिटेकच्या लिफ्ट नावाच्या उभ्या माऊसचा कोन ५७ अंशांचा आहे, लहान-मध्यम हातासाठी केलाय आणि डावखुऱ्यांसाठी वेगळाही येतो. पण तो तुमच्या पैशात बसायचा नाही. हजाराच्या आतबाहेर देशी नावाचे बरेच मिळतात. चालतात, एवढंच की बहुतेक मोठ्या हातासाठी घडवलेले असतात. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीनं मोजा. सतरा सेंटीमीटरच्या आत भरलं तर मोठा उभा माऊस घेऊन तुम्ही बोटं ताणत बसाल, आणि दुखणं एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाईल. आणखी एक, उभ्या माऊसवर क्लिक आडवी बसते, म्हणून बटण दाबताना माऊस जरासा सरकतो. फॉर्मातल्या तिळाएवढ्या चौकोनांवर टिक करताना पहिला आठवडा शिव्या येतील. आणि मागचा कागद घ्यायला हात नेला की तो हमखास आडवा पडतो.

ट्रॅकबॉलचं मला विचाराल तर मी जळालेला माणूस आहे. त्यात माऊस हलतच नाही, गोळा फिरवायचा. टेबलावर फायलींचा ढीग असला तरी जागा लागत नाही, म्हणून हौसेनं घेतला. अंगठ्यानं फिरवायचा होता. महिन्याभरात मनगट सुधारलं आणि अंगठ्याचं मूळ असं सुजलं की पाण्याचा तांब्या उचलवेना. दिवसाला हजारो वेळा एकच अंगठा, दुसरं काय होणार? बोटांनी फिरवायचे मोठ्या गोळ्याचे ट्रॅकबॉल असतात, केन्सिंग्टनचे वगैरे, त्यात काम तीन बोटांत वाटलं जातं. पण तेही महागच.

तुमच्यासाठी मला पटतो तो उपाय फुकट आहे. साधा, दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माऊस डाव्या हाताला घ्या. सेटिंगमध्ये बटणं उलटी करता येतात. मी करत नाही, शेजारचा कोणी बसला तर गोंधळतो. पूर्ण दिवस नको. दुपारी जेवणानंतर डावा, सकाळी उजवा. विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये क्लिक लॉक नावाची सोय आहे, ती चालू केली की ओढून न्यायचं असताना बटण दाबून धरावं लागत नाही. ती आधी चालू करा. पॉइंटरचा वेगही थोडा वाढवा, मग हात कमी फिरतो.

कीबोर्डकडं येतो, कारण इथं तुम्हाला इंटरनेटवरचा सल्ला भोवू शकतो. तो सगळा इंग्रजी टाइप करणाऱ्यांसाठी लिहिलेला असतो. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्याला. त्यातही उजव्या करंगळीच्या वाट्याला काय येतं बघा, ज, ड, च, ट, य. शिफ्ट धरून झ, ढ, छ, ठ. वर एंटर आणि बॅकस्पेस. सातबाऱ्यावरचा नुसता ‘पोटखराब’ किंवा ‘कोरडवाहू’ लिहिला तरी ती बिचारी बाहेर धावते. इंग्रजीवाल्याची करंगळी एवढं राबत नाही, म्हणून छोट्या कीबोर्डात ते उजवीकडच्या कळा सरळ उडवून टाकतात.

मी तेच केलं होतं. दोन भागांचा, कळांच्या सरळ रांगांचा, देखणा छोटा कीबोर्ड मागवला. कुरिअर गावात येत नाही, तालुक्याला जाऊन आणला. पहिला दाखला उघडला, ‘गट नंबर’ लिहायला घेतलं आणि ट सापडेना. ट असतो तिथली कळच नव्हती. ड चीही नव्हती. एक बटण धरून दुसरं दाबलं की मिळायचे म्हणे, पण ‘गट’ लिहायला तीन बोटं कोण लावेल, आणि तेही समोर आठ माणसं रांगेत उभी असताना? परत पाठवला, येण्याजाण्याचं भाडं अंगावर पडलं. तेव्हा फोटो बघताना एकच तपासा, पी च्या उजवीकडं दोन कळा आणि एल च्या उजवीकडं दोन कळा जागच्या जागी आहेत का. नसतील तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

दुसरी खोच व ची. तो इंग्रजी बी च्या कळेवर आहे, आणि दुभंगलेल्या कीबोर्डात बी बहुतेक वेळा डाव्या तुकड्यावर जातो. शिस्तीत शिकलेला तो डाव्या तर्जनीनंच मारतो, पण माझ्यासारखे बरेच जण उजव्यानं मारतात. त्यांचा हात पहिले काही दिवस मधल्या रिकाम्या जागेवर आपटतो.

मग दुभंगलेला घ्यायचाच नाही का? घ्या, पण आधी नक्कल करून बघा. विंडोज संगणकाला दोन यूएसबी कीबोर्ड एकदम लागतात आणि दोन्ही चालतात, एकावर शिफ्ट नि दुसऱ्यावर अक्षर असंही चालतं. नंबरपॅड नसलेले दोन छोटे कीबोर्ड कुणाकडून मागून आणा, खांद्याएवढ्या अंतरावर ठेवा, डावा हात एकावर, उजवा दुसऱ्यावर. दोन तास दाखले टाका. मनगट सरळ राहून ठणक उतरली तर दुभंगलेल्याचा तुम्हाला उपयोग आहे. नाही उतरली तर चार-पाच हजार वाचले. पूर्ण दोन तुकड्यांचा नको असेल तर एकसंध पण मधून वळलेले असतात, मायक्रोसॉफ्टनं १९९४ साली काढला तसे. आज लॉजिटेकचा के८६० त्याच जातीचा, नंबरपॅडसकट, म्हणून माऊस मात्र दूरच राहतो.

कळा हलक्या असाव्यात, हेही बघा. साध्या रबरी कळेला अक्षर उमटायला तळापर्यंत दाबावं लागतं. यांत्रिक कळेत, म्हणजे जिच्याखाली स्वतःची स्प्रिंग असते तिच्यात, लाल जातीच्या म्हणा, ४५ ग्रॅमच्या आसपास जोरात, निम्म्या वाटेवरच अक्षर उमटतं. कचेऱ्यांत टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड दिसतो तो यांत्रिकच, टिकायला दगड, पण त्याच्या निळ्या कळा खटखटतात. ग्रामसभा चालू असताना नका वापरू. आणि हलकी कळ घेऊन जोरात ठोकत राहिलात तर काही उपयोग नाही. आपल्यातले निम्मे लोक गोदरेजच्या टाइपरायटर मशीनवर शिकले, बोटांना ठोकायची सवयच. एवढं मात्र होतं की त्या मशीनवर ओळ संपली की कॅरेज ढकलायला हात उचलावा लागायचा, पान संपलं की कागद बदलायचा. आता तो विसावा कुणी देत नाही. मी मोबाइलवर दर पंचवीस मिनिटांनी घंटी लावलीय, ती वाजली की उठून माठातलं पाणी पितो.

शिफ्टनं करंगळी जास्त दुखत असेल तर स्टिकी कीज चालू करा. शिफ्ट पाचदा दाबली की विंडोज स्वतःच विचारतं. मग शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही, एकदा दाबून सोडायची आणि पुढचं अक्षर मारायचं. टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसणार असाल तर मात्र सराव साध्या कीबोर्डवरच ठेवा, तिथं तुमचा कीबोर्ड नसतो.

तर तीन हजारांचं मी असं करेन. नंबरपॅड नसलेला, पूर्ण अक्षरांचा, हलक्या कळांचा यांत्रिक कीबोर्ड, सुटा नंबरपॅड, उरलेल्यात जमला तर लहान हाताचा उभा माऊस. नागपूरला जाणं झालं तर सीताबर्डीच्या दुकानांत माऊस हातात धरूनच घ्या, डोळे मिटून.

हाताचं माप आणि टेबलाची उंची इंचात मोजून लिहा, मग माऊसचं नेमकं सांगता येईल. माझा तो अंगठ्याचा ट्रॅकबॉल कपाटात पडलाय. दारव्ह्याकडं येणं झालं तर पंधरा दिवस वापरायला घेऊन जा, अंगठ्याला त्रास झाला की लगेच परत करा.