वाचकांचे प्रश्न : फोल्डरवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम

प्रश्न : लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे. वजनकाट्याचा प्रोग्रॅम प्रत्येक गाडीमागे एक फाइल ठरावीक फोल्डरमध्ये टाकतो. ती उचलून शेतकऱ्याची हिशोबपट्टी काढणारा प्रोग्रॅम मी सी शार्प या भाषेत, फाइलसिस्टमवॉचर (फोल्डरमधल्या बदलांची सूचना देणारी तयार सोय) वापरून लिहिला आहे. एकाच गाडीच्या कधी दोन पट्ट्या निघतात, सोयाबीनची आवक वाढली की काही गाड्या सुटतात, आणि मागच्या आठवड्यात 24.60 क्विंटल मालाची पट्टी 24 क्विंटलची निघाली. नेमके कुठे चुकते आहे? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपल्या तीन तक्रारींपैकी शेवटची सर्वांत गंभीर आहे, कारण तिच्यात शेतकऱ्याचे 60 किलो सोयाबीन हिशोबातून गेले. म्हणून सुरुवात तिथूनच करतो. ‘फाइल तयार झाली’ ही सूचना विंडोज देते तेव्हा फोल्डरमध्ये त्या नावाची नोंद झाली, एवढेच आपल्याला कळते. आतला मजकूर लिहून पूर्ण झाला की नाही, याबद्दल ती सूचना काहीही सांगत नाही. काट्याच्या प्रोग्रॅमने ओळीचा पहिला तुकडा डिस्कवर उतरवला आणि दुसरा उतरण्याआधीच आपण फाइल वाचली, तर ‘24’ हाती येतो आणि ‘.60’ मागे राहतो. प्रोग्रॅमला यात काही वावगे दिसत नाही, कारण 24 हाही वैध आकडाच आहे.

यावर सर्वांत खात्रीचा उपाय लिहिणाऱ्याच्या हाती असतो. फाइल आधी वेगळ्या, तात्पुरत्या नावाने लिहावी, पूर्ण झाल्यावर बंद करावी आणि मगच त्याच फोल्डरमध्ये तिचे नाव बदलून खरे नाव द्यावे. आपल्या प्रोग्रॅमने फक्त खऱ्या नावाकडे लक्ष द्यावे, आणि त्यासाठी ‘नाव बदलले’ ही सूचनाही ऐकावी. काट्याचा प्रोग्रॅम विकत घेतलेला असेल आणि त्यात बदल करता येत नसेल, तर फाइल दुसऱ्या कोणाशीही न वाटता, एकट्यासाठी उघडून पाहावी. उघडली नाही तर लिहिणारा अजून आत आहे असे समजून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. मात्र काही प्रोग्रॅम एकाच फाइलची दर ओळीला उघडझाप करतात, त्यांच्यापुढे ही युक्ती चालत नाही. तिथे आकार आणि बदलाची वेळ काही सेकंद स्थिर राहिली आहे ना, आणि शेवटची ओळ पूर्ण आहे ना, हे दोन्ही तपासल्याखेरीज पट्टी छापू नये.

दोन पट्ट्यांचे कारण साधे आहे. एक फाइल जतन होताना ‘तयार झाली’ आणि ‘बदलली’ अशा दोन-तीन सूचना येणे हे नेहमीचेच आहे. अँटिव्हायरसने फाइलला हात लावला तरी एखादी वाढू शकते. सूचना मोजून हा प्रश्न सुटत नाही. पावती क्रमांकावर डेटाबेसमध्ये एकमेवतेची (एक क्रमांक एकदाच नोंदला जाईल अशी) अट घाला, म्हणजे तीच फाइल दहा वेळा समोर आली तरी पट्टी एकच निघेल.

गाड्या सुटतात त्या बफर, म्हणजे आलेल्या सूचना तात्पुरत्या साठवण्याची जागा, भरल्यामुळे. फाइलसिस्टमवॉचरचा बफर मुळात 8192 बाइटचा असतो. प्रत्येक सूचनेत फाइलचे नाव असते आणि नावातल्या प्रत्येक अक्षराला दोन बाइट लागतात, त्यामुळे लांबलचक नावे तो लवकर भरतात. सूचना हाताळणाऱ्या फंक्शनमध्येच आपण फाइल वाचून पट्टी छापत असाल, तर मागच्या सूचना तुंबतात, बफर ओसंडतो आणि त्या कायमच्या जातात. त्या फंक्शनने केवळ नाव रांगेत टाकून परत फिरावे आणि वाचन-छपाई दुसऱ्या थ्रेडने, म्हणजे प्रोग्रॅमच्याच समांतर चालणाऱ्या धाग्याने, करावी. बफर 64 किलोबाइटपर्यंत वाढवता येतो, पण माझ्या मते तो आधार दुय्यम आहे. खरा आधार म्हणजे ‘एरर’ ही घटना ऐकणे आणि ती आली की संपूर्ण फोल्डर नव्याने वाचून काढणे. प्रोग्रॅम सुरू होतानाही हेच करावे, कारण वीज गेली आणि काट्याचा संगणक इन्व्हर्टरवर चालू राहिला, तर त्या वेळेतल्या गाड्यांची सूचना आपल्याला कोणीही पुन्हा देणार नाही. नांदेडकडच्या एका जिनिंगच्या कामात मी स्वतः ही फेरतपासणी ठेवली नव्हती आणि आठवडाभराच्या पावत्या एकेक करून हाताने ताडून पाहाव्या लागल्या होत्या.

प्रश्न : हवामान केंद्राच्या नोंदी रोज नव्या उपफोल्डरमध्ये पडतात. लिनक्सच्या आयनोटिफाय या, फोल्डरमधले बदल कळवणाऱ्या सोयीने मुख्य फोल्डरवर पहारा ठेवला आहे, पण आतल्या फाइल दिसत नाहीत. (एक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : 2005 साली लिनक्सच्या 2.6.13 या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) आलेला आयनोटिफाय एका वेळी एकाच पातळीचे फोल्डर पाहतो; उपफोल्डरसाठी प्रत्येकी वेगळा पहारा लावावा लागतो. नवे उपफोल्डर दिसताच त्यावर पहारा लावा आणि लगेच त्यातल्या फाइलची यादी वाचा, कारण फोल्डर बनणे आणि पहारा लागणे यांच्यामधल्या क्षणात पडलेली फाइल एरवी निसटते. फाइल वाचण्यासाठी ‘लिहून बंद झाली’ ही सूचना वापरा. ही सोय लातूरच्या वाचकांना विंडोजवर मिळत नाही. पहाऱ्यांच्या संख्येला मर्यादा असते आणि ती संपली की ‘डिस्कवर जागा नाही’ असा संदेश येतो. तो वाचून डिस्क साफ करत बसू नका, मर्यादेची सेटिंग वाढवा.

प्रश्न : फोल्डर दुसऱ्या संगणकावर आहे आणि नेटवर्कवरून जोडलेला आहे. तिथे झालेले बदल आयनोटिफायला कळत नाहीत. दर मिनिटाला यादी वाचणे कमीपणाचे आहे का? (एक वाचक, बीड)

उत्तर : अजिबात नाही. आयनोटिफाय आपल्याच संगणकाच्या कर्नलमधून झालेले बदल सांगतो. पलीकडच्या संगणकाने केलेले बदल त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. नाव, आकार आणि बदलाची वेळ यांची मागची यादी जपून ठेवा आणि नव्या यादीशी ताडा. पायथनच्या वॉचडॉग या लायब्ररीत यासाठी पोलिंगचा, म्हणजे ठरावीक वेळाने यादी पुन्हा तपासणारा, निरीक्षक तयारच आहे. पेनड्राइव्हवर फॅट पद्धतीची मांडणी असेल, तर बदलाची वेळ 2 सेकंदांच्या टप्प्यांत नोंदली जाते, म्हणून तिथे केवळ वेळेवर विसंबू नका, आकारही ताडून पाहा.