शर्मिष्ठेतला मधला तारा

प्रश्न : क्ष-किरण म्हणजे हाड मोडलं की काढतात ते, एवढंच मला ठाऊक. परवा मुलीच्या पुस्तकात वाचलं, की निळे, अतितप्त तारेही क्ष-किरण सोडतात आणि शास्त्रज्ञांना त्याचं नवल वाटलं होतं. तारा एवढा तापलेला, मग त्यात नवल कसलं? आणि त्या किरणांचा आपल्याला अपाय होत नाही ना?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : ताई, अपायाची काळजी सोडा. हे किरण आपल्या हवेत वरच्यावर शोषले जातात. म्हणून तर ते टिपायला दुर्बीण उपग्रहावर बसवून पाठवावी लागते. 2015 साली सोडलेल्या आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरही तशी एक आहे.

आता नवलाचं. या ताऱ्यांचा पृष्ठभाग 30-40 हजार अंशांचा. तेवढ्या तापमानाला अतिनील प्रकाश भरपूर मिळतो, पण क्ष-किरणांना लाखोंच्या घरातले अंश लागतात. सूर्याचं प्रभामंडल, म्हणजे त्याच्याभोवतीचं विरळ वायूचं आवरण, तेवढं तापतं, कारण सूर्याचा वरचा थर चुलीवरच्या पेजेसारखा खदखदतो आणि त्या खळबळीशी त्याचं चुंबकीय क्षेत्र जोडलेलं आहे. तप्त ताऱ्यांचा वरचा थर तसा खदखदत नाही. तरीही 1978 मध्ये अवकाशात सोडलेल्या आइन्स्टाइन या क्ष-किरण वेधशाळेचा रोख हंस तारकासमूहातल्या एका माहितीतल्या स्रोताकडे असताना शेजारी हे निळे तारेही उमटले. कोणी त्यांना शोधायला गेलंच नव्हतं!

आमच्या फोंड्याच्या घराजवळ एक लोहार कोयत्या घडवायचा. एकदा त्यानं भट्टी न पेटवता थंड खिळा ऐरणीवर ठेवला, आठ-दहा घाव घातले आणि माझ्या तळहातावर टेकवला. चटका बसला. आग नव्हती, नुसते घाव. पुढे वर्गात हा विषय आला, की मी त्या खिळ्यापासूनच सुरुवात करायचो.

ताऱ्याचं तेच. त्याचा प्रकाश इतका प्रखर, की तो वरचा वायू ढकलून बाहेर फेकतो, सेकंदाला 2000 किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगानं. हा वारा एका लयीत वाहत नाही. घाटात मागून भरधाव आलेला खनिजाचा ट्रक पुढच्या रखडणाऱ्या ट्रकवर आदळावा, तसा मागचा वेगवान वायू पुढच्या संथ वायूवर आदळतो आणि काही दशलक्ष अंशांपर्यंत तापतो. चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण 1999 मध्ये वर गेल्यावर या किरणांच्या वर्णपटातल्या (किरण तरंगलांबीनुसार पसरवून मिळणाऱ्या पट्ट्यातल्या) रेषा नीट पाहता आल्या. वायू आपल्याकडे येत असेल तर त्याची रेषा एका बाजूला सरकते, दूर जात असेल तर दुसऱ्या. त्या रुंद निघाल्या, म्हणजे तापलेला वायू खरोखरच पळतो आहे.

हे बहुतेक ताऱ्यांचं झालं. मृगातल्या तेजोमेघाला उजळणाऱ्या मुख्य ताऱ्याला मात्र बळकट चुंबकीय क्षेत्र आहे. ते दोन्ही बाजूंचा वारा वळवून मधोमध समोरासमोर आपटवतं, म्हणून तिथले किरण अधिक कडक, म्हणजे जास्त ऊर्जेचे.

पण माझा जीव अडकलाय तो शर्मिष्ठा तारकासमूहातल्या मधल्या ताऱ्यात, गॅमा कॅसिओपिये त्याचं नाव. त्याचे क्ष-किरण 1976 मध्ये कळले आणि ते इतके कडक, की वायू 10 कोटी अंशांच्या वर तापलेला असला पाहिजे. नुसत्या वाऱ्याच्या टकरीतून एवढं होत नाही. तारा प्रचंड वेगानं स्वतःभोवती फिरतो, त्याच्याभोवती वायूची तबकडी आहे आणि सुमारे 203 दिवसांत त्याच्याशी फेर धरणारा, सूर्याएवढ्या वस्तुमानाचा एक सोबतीही आहे. एक मत असं, की तारा आणि तबकडी यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांत गुंतून तुटतात. दुसरं असं, की सोबती श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, आहे आणि तबकडीतला वायू त्याच्यावर कोसळतो. निवाडा कसा करायचा? किरणांतली लोहाची रेषा बघायची. त्या 203 दिवसांत ती सोबत्याच्या चालीनं मागेपुढे सरकली, तर उगम सोबत्याजवळ. 2023 मध्ये गेलेली जपानची क्रिझ्म दुर्बीण एवढी बारीक मोजणी करू शकते. एका रेषेच्या सरकण्यावरून इतकी जुनी गाठ सुटावी, ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

हा तारा तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसेल. नोव्हेंबरच्या अखेरीस रात्री साडेआठ-नऊला अंगणातले दिवे मालवून उत्तरेकडे तोंड करा. साधारण अर्ध्या आकाशापर्यंत वर पाच ताऱ्यांचा इंग्रजी एम दिसेल, त्यातला मधला तो. मुलीला त्याची शेजारच्या दोन ताऱ्यांशी तुलना करून वहीत लिहायला सांगा. 1937 मध्ये तो चांगलाच उजळला होता आणि 1940 पर्यंत मंदावला.