‘सच्चिदानंद’मधील ‘चित्’ म्हणजे ‘चित्त’ का?

विचारणा अशी आहे: ‘सच्चिदानंद’मधील ‘चित्’ आणि आपले रोजच्या बोलण्यातील ‘चित्त’ एकच का, ‘चेतना’ व ‘चैतन्य’ यांत काही भेद आहे का, आणि ‘मोक्ष म्हणजे चित्ताचे चैतन्यात रूपांतर’ हे वाक्य वेदांताला धरून आहे का?

या सर्व शब्दांचा धातू एकच. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, तो ‘चिती संज्ञाने’ असा दिला आहे. म्हणजे जाणणे, भान असणे. (‘संज्ञाहरण’ या वैद्यकीय शब्दातील संज्ञा ती हीच.) मात्र ‘चित्’ आणि ‘चित्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे संधीवरूनच कळते. चित् + आनंद = चिदानंद, चित् + मय = चिन्मय, चित् + विलास = चिद्विलास; शब्द ‘चित्त’ असता तर ‘चित्तानंद’ झाले असते. छापील पत्रिकांत सर्रास दिसणारे ‘सच्चितानंद’ हे रूप अशुद्ध आहे, आणि अर्थाचा घोळही बहुधा तिथूनच सुरू होतो.

वेदांतात चित्त हे अंतःकरणाचा, म्हणजे मन, बुद्धी वगैरे मिळून होणाऱ्या आतल्या साधनाचा, भाग आहे. सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त त्याची व्याख्या ‘अनुसंधान करणारी अंतःकरणवृत्ती’ अशी येते. अंतःकरण स्वतः जड, म्हणजे अचेतन आहे. ते जाणते असे वाटते ते चैतन्याच्या प्रकाशामुळे. मराठीच्या वापरातही हा भेद नकळत टिकून आहे. चित्त थाऱ्यावर नसते, चित्त विचलित होते, चित्त शुद्ध करावे लागते; पण ‘चैतन्यशुद्धी’ असा शब्द कोणी ऐकला आहे काय? जे मळतच नाही ते धुणार कसे? गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, “इतकी छान झोप लागली, काहीच कळलं नाही.” त्या वेळी चित्ताचा व्यवहार बंद होता, तरी ‘काही कळले नाही’ याची साक्ष देणारे कोणी तरी जागे होतेच, असा वेदान्त्यांचा युक्तिवाद आहे. त्या साक्षीचे नाव चित्, किंवा चैतन्य. (‘दिवाळीमुळे बाजारपेठेत चैतन्य’ या बातमीतील चैतन्य म्हणजे केवळ उत्साह, त्याने वेदान्त्यांनी दचकू नये.)

खरी गंमत ‘चेतना’ या शब्दात आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात इच्छा, द्वेष, सुख, दुःख यांच्या रांगेत चेतनेलाही ‘क्षेत्रा’त, म्हणजे जाणणाऱ्याच्या नव्हे तर जाणल्या जाणाऱ्याच्या बाजूला बसवले आहे. शंकराचार्यांनी गीतेवरील भाष्यात दिलेला दृष्टांत तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा आहे. गोळा लाल दिसतो, भाजतो, पण ती आग लोखंडाची नसते. तशी देहेंद्रियांत प्रकटलेली, आत्मचैतन्याच्या आभासाने व्यापलेली अंतःकरणवृत्ती म्हणजे चेतना, आणि तीही ज्ञेय असल्यामुळे क्षेत्रच. चूल ‘चेतली’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच कुळातील क्रियापद वापरत असतो. थोडक्यात, चेतना कमी-अधिक होते, शस्त्रक्रियेच्या टेबलावर हरपते. चैतन्याला वेदांत असे चढउतार लावत नाही.

येथे एक सावधगिरी. पसायदानातील ‘चेतना चिंतामणीचें गांव’ यातील ‘चेतना’ म्हणजे वर सांगितलेले नाम नव्हे. आधीच्या ‘चला कल्पतरूंचे आरव’ यात जसे ‘चला’ म्हणजे चालते, तसे येथे ‘चेतना’ म्हणजे सजीव. चालत्या कल्पतरूंची उद्याने, जिवंत चिंतामण्यांचे गाव. ‘चेतनारूपी चिंतामणी’ असा अर्थ काही जण सांगतात, पण त्याने दोन चरणांचा जोड मोडतो.

आता मोक्षाचे वाक्य. अडचण ‘रूपांतर’ या शब्दाची आहे. ब्रह्मसूत्राच्या चौथ्या सूत्रावरील भाष्यात शंकराचार्यांनी क्रियेची चार फळे विचारात घेतली आहेत: उत्पाद्य, विकार्य, आप्य आणि संस्कार्य. घडवायचे, बदलायचे, मिळवायचे किंवा साफसूफ करायचे, यांपैकी कशातही मोक्ष बसत नाही. विकाराने आलेला मोक्ष दुधाच्या दह्यासारखा अनित्य ठरेल. दुधाचे दही होते ते रूपांतर. गळ्यातलाच हार घरभर शोधून शेवटी हाताला लागतो, तेव्हा कशाचेही रूपांतर झालेले नसते. म्हणून अद्वैताच्या, म्हणजे शंकराचार्यांच्या वेदांताच्या, संदर्भात ‘मोक्ष म्हणजे आपण चित्त नसून चैतन्य आहोत याची ओळख’ असे लिहावे. ‘मोक्ष मिळाला’ हा प्रयोगही काटेकोरपणे पाहता सैलच; पण तो इतका रुळला आहे की त्याला हटकण्यात मला अर्थ वाटत नाही.

तरीही मूळ वाक्य सरसकट चूक म्हणवत नाही. काश्मीरचे शैव आचार्य क्षेमराज यांनी ‘प्रत्यभिज्ञाहृदया’त म्हटले आहे की चितीच (म्हणजे चित्-शक्तीच) संकोच पावून चित्त होते आणि अंतर्मुख झालेले चित्तच पुन्हा चिती होते. तेव्हा ते वाक्य शैवांच्या नावावर लिहिले तर चालण्यासारखे आहे. वेदांताच्या नावावर नको.