तरवा वाढतोय तोवर पाठ तयार करा

प्रश्न : एरवी मी शाळेच्या कार्यालयात बसून काम करते. भातलावणीला मात्र रजा काढून गावी शेतात उतरते. दरवर्षी तिसऱ्या दिवशी कंबर धरते, मग आठवडाभर ताठ होता येत नाही. लावणीच्या आधीपासून एखादी गोळी सुरू करावी का? वय ४४. (एक वाचक, संगमेश्वर तालुका)

उत्तर : ताई, गोळी दुखणं दाबते, कंबरेवरचा ताण तेवढाच राहतो. आधीपासून घेऊन काही साधत नाही. पेरल्यापासून तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावणीला यायला साधारण २१ ते २५ दिवस लागतात. तेवढे दिवस पाठीला द्या.

कंबर का धरते ते आधी पाहू. गुडघे ताठ ठेवून बराच वेळ ओणवं राहिलं की पाठीचे स्नायू सैलावतात आणि भार मणक्यांमधल्या चकत्यांवर व मागच्या अस्थिबंधांवर येतो. हे बंध हळूहळू ताणले जातात, आणि उभं राहिल्यावर लगेच पूर्ववत होत नाहीत. नेमकं त्याच क्षणी मुठींचा (रोपांच्या जुड्यांचा) भारा उचलला की उसण भरते. त्यामुळे नुसत्या वाकण्यापेक्षा, वाकून उठल्या उठल्या ओझं उचलणं जास्त घातक आहे.

तयारीला रोज १५ मिनिटं पुरतात. उताणं झोपून गुडघे दुमडा, कंबर वर उचला, ५ आकडे मोजून खाली. असं १० वेळा. मग रांगण्याच्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय सरळ करून ८ आकडे धरा, नंतर बाजू बदला. दोन्हीकडे सहा-सहा वेळा. हात न टेकता खुर्चीवरून १० वेळा ऊठबस, थोडं थांबून पुन्हा १०.

चौथा व्यायाम सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच चुकतो. झाडूचा दांडा पाठीमागे उभा धरा. तो डोकं, खांद्यांमधली जागा आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. आता गुडघे किंचित वाकवून, बसायची जागा मागे नेत खुब्यातून पुढे वाका. दांडा माकडहाडापासून सुटला की पाठ गोल झाली असं समजा आणि तिथूनच वर या. १० वेळा करा. काही दिवसांत शेतातही शरीर आपसूक असंच वाकू लागतं.

मळ्यात उतरल्यावर मूठ धरलेल्या हाताचं कोपर त्याच बाजूच्या मांडीवर टेकवा. धडाचा बराच भार मांडी घेते. बाजू अधूनमधून बदला. दर २० मिनिटांनी उभं राहून, हात कंबरेवर ठेवून ५ वेळा मागे झुका. त्यानंतर मिनिट-दोन मिनिटं थांबूनच भारा उचला. रात्रभर झोपल्यावर चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणं टाळा. न्याहारी, गुरं, बाकीची कामं आधी उरका. पहिल्या दिवशी अर्धाच दिवस लावणी करा. घरचे कुरकुरतील, तरी करा. तुमची कंबर तिसऱ्या दिवशी धरते ती पहिल्या दोन दिवसांच्या अतिश्रमाने.

इतकं करूनही दुखलंच तर गरम पाण्याचा शेक घ्या आणि घरातल्या घरात चालत राहा. अंथरुणाला खिळून राहिल्याने पाठ उशिरा सुटते. कळ गुडघ्याखाली उतरत असेल किंवा पायात बधिरपणा आला तर डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद कमी झाली, लघवी अडली किंवा जांघेकडचा भाग बधिर झाला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : चिखलात राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, भेगाही पडतात. आम्ही कोकमतेल लावतो. ते पुरेसं आहे का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : टाचांच्या कोरड्या भेगांना कोकमतेल उत्तम, कातडी मऊ होते. बेचक्यात मात्र लावू नका. तिथे ओल अडकल्याने बुरशी धरते, तेलाने ती ओल आणखी टिकते. संध्याकाळी पाय साबणाने धुवा आणि जुन्या सुती धोतराच्या फडक्याने एकेक बेचकं कोरडं करा. मग क्लोट्रिमाझोल मलम दिवसातून दोनदा लावा. खाज थांबली तरी दोन आठवडे चालू ठेवा. चार दिवसांत मलम बंद केल्यानेच चिखल्या पुन्हा उलटतात. मधुमेह असेल तर घरगुती उपचार करत बसू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायलाच हवं : याच भेगांमधून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंमुळे येणारा ताप) शिरतो. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात. जखम असेल तर ती झाका, बरी होईपर्यंत चिखलात उतरू नका. लेप्टो होऊ नये म्हणून आरोग्य केंद्रातून आठवड्याला एकदा डॉक्सिसायक्लिन हे औषध मिळतं. ते त्यांच्या सल्ल्यानेच घ्या, आणि गरोदर बाईने स्वतःहून मुळीच घेऊ नये. लक्षणं बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात : ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल. लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे झाले तर एक तासही दवडू नका. तापात पॅरासिटामॉल चालेल. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात. आणि डॉक्टरांनी विचारो न विचारो, ‘मी चिखलात काम करतो’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

प्रश्न : चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. वडील ७२ वर्षांचे आहेत, पडण्याची भीती वाटते. (एक वाचक, गुहागर)

उत्तर : ब्लीचिंग पावडर ओल्या पायरीवर पसरा, १५ मिनिटांनी खराट्याने घासून भरपूर पाण्याने धुवा, पावसाळाभर दर आठवड्याला. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये ती कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. पायरीला एका बाजूने पक्का कठडा बसवा, गुळगुळीत झालेल्या चपला टाकून द्या, रात्री उशाशी बॅटरी ठेवा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर वडिलांनी उठल्यावर मिनिटभर खाटेच्या काठावर बसूनच पाऊल टाकावं.

तरीही पडले, आणि खुब्यात दुखून पाय टेकवत नसतील, किंवा एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला, तर त्यांना उभं करून पाहू नका, चोळू नका. आहे त्या स्थितीतच राहू द्या आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा.